मोबाइलमधील शिल्लक : अमानत की कर्ज?

मनुष्याच्या हाती असलेले धन ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे, हा इस्लामी अर्थविचाराचा पाया आहे. धनाचे रूप बदलले म्हणून हे तत्त्व बदलत नाही. दीनार-दिरहम गेले, कागदी नोटा आल्या आणि आता पैसा मोबाइलच्या पडद्यावरील आकडा झाला आहे. रत्नागिरीत मासळीबाजारापासून किराणा दुकानापर्यंत क्यूआर कोड दिसतो. परंतु या आकड्याची जबाबदारी कोणावर आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये रक्कम सामान्यतः एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. वॉलेटमध्ये मात्र आपण आधी पैसे भरतो आणि कंपनी तेवढ्या रकमेची खरेदी करू देण्याचे वचन देते. हा वचनाचा पैसा आहे. मग ही शिल्लक कंपनीकडे अमानत आहे की कर्ज?

हयगय नसताना अमानत नष्ट झाली, तर शरीअत ती सांभाळणाऱ्याकडून भरपाई मागत नाही. कर्ज मात्र फेडावेच लागते. सहीह बुखारीतील नोंदीनुसार, लोक ठेव घेऊन येत तेव्हा हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) ती अमानत म्हणून नव्हे, तर कर्ज म्हणून स्वीकारीत; कारण ती हरवण्याची त्यांना भीती वाटे. त्यांच्या शहादतीनंतर हे कर्ज २२ लाख भरले. पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांनी ते फेडले आणि कोणाचे येणे राहू नये म्हणून सलग चार वर्षे हजच्या वेळी घोषणा केली. त्यानंतरच वारसाहक्काची वाटणी झाली.

आपल्या देशात २००७ च्या कायद्यान्वये रिझर्व्ह बँक या व्यवहारांचे नियमन करते. तिच्या २०२१ च्या निर्देशांनुसार बँकेतर वॉलेट कंपनीला ग्राहकांची रक्कम बँकेतील स्वतंत्र राखीव खात्यात ठेवावी लागते आणि ग्राहकाला शिलकीवर व्याज देता येत नाही. लोकांचा पैसा कंपनीच्या पैशात मिसळून बुडू नये, हा त्यामागील हेतू इस्लामी न्यायबुद्धीशी सुसंगत आहे.

तरीही सावधगिरी हवी. ही शिल्लक कर्ज मानली, तर पैसे भरण्याच्या अटीवर मिळणारी सवलत ही कर्जावरील लाभ, म्हणजे सूद, ठरू शकते. दुकानदाराने आपला माल खपावा म्हणून स्वखुशीने दिलेली सूट वेगळी. कॅशबॅकविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. म्हणून ही सवलत कोण देतो आणि कशाबद्दल देतो, हे विचारून घेणे श्रेयस्कर.

मात्र कायदा कंपनीच्या खात्यावर पहारा ठेवतो, अंतःकरणावर नाही. चुकीच्या क्रमांकामुळे आपल्या खात्यात आलेले ५०० रुपये आपले होत नाहीत. पैसे दिल्याचे खोटे चित्र दाखवून माल नेणे ही चोरीच आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार न्यायाने लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. जो स्वतः सांगून लिहवू शकत नाही, त्याच्या वतीने त्याच्या वलीने न्यायाने सांगावे, असेही तेथे फर्माविले आहे. आज मोबाइल प्रत्येक व्यवहार आपोआप लिहितो. पण तो वाचता न येणारे अनेक आहेत. कोकणातील कित्येक घरांत मुलगा आखातात असतो आणि आईचा मोबाइल पुतण्या किंवा शेजारी चालवितो. पिन ठाऊक असलेला तो माणूस त्या आईचा एक प्रकारे वलीच होय. तिला न विचारता काढलेला एक रुपयाही खियानत आहे. तसेच रोख घेऊन आलेल्या वृद्धाला दुकानातून परत पाठविणे हे सोयीचे असेल, शोभणारे नाही.

पडद्यावरील आकडा एका बोटाने पुसता येतो. आखिरतमधील हिशेब पुसता येत नाही. अल्लाह आपणा सर्वांना अमानतदार राहण्याची तौफीक देवो. आमीन.