दोन संच आणि एक दिवाणखाना

नीतिविचाराचे उदाहरण द्यावयाचे म्हटले की आमचे लेखक थेट कुरुक्षेत्रावर जाऊन उभे राहतात. अर्जुनापुढचा पेच मोठा होता यात शंका नाही; परंतु तसा पेच बहुतेकांच्या वाट्याला जन्मात एकदाही येत नाही. उलट, ज्यांत कोणाचे प्राण जात नाहीत की कोणाचे राज्य बुडत नाही, असे लहान पेच मात्र दर आठवड्यास दाराशी येऊन उभे राहतात, आणि त्यांच्याविषयी शास्त्रे बहुधा मौन पाळतात. असाच एक पेच आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत. घरासाठी दूरचित्रवाणी संच घ्यावयाचा आहे. मध्यम किमतीचे, जवळजवळ एकाच मोलाचे दोन संच समोर आहेत. त्यांपैकी कोणता घ्यावा? विषय दुकानदाराच्या गल्ल्यावरचा वाटेल, पण वाचकांनी थोडा धीर धरावा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दोन्ही संच ५५ इंची आहेत, आणि दोन्हींत द्रवस्फटिकांच्या थरामागून प्रकाश सोडून चित्र उमटविलेले असते. भेद आहे तो त्या स्फटिकांच्या रचनेत. पहिल्या संचाचा पडदा 'व्हीए' जातीचा आहे. यात स्फटिक मागचा प्रकाश चांगला अडवून धरतात, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांचे प्रमाण अशा पडद्यावर सामान्यतः ३००० ला १ किंवा त्याहूनही अधिक भरते. दुसरा पडदा 'आयपीएस' जातीचा आहे. (पोलीस खात्यातील आमच्या वाचकांनी या नावाने गैरसमज करून घेऊ नये.) यात हे प्रमाण १००० ला १ च्या आसपास राहते आणि खोलीतला दिवा मालवला की काळोख राखाडी भासू लागतो. मात्र या पडद्यासमोर कोठेही बसा, रंग फारसे बदलत नाहीत. व्हीए पडद्याचे तसे नाही. ठीक समोर बसणाऱ्यास तो आपले सारे वैभव दाखवितो. बाजूला बसणाऱ्यास तेच चित्र फिके आणि धुरकट दिसते.

याशिवाय पहिला संच सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतो, दुसरा ६० वेळा. बातम्या आणि मालिका पाहणाऱ्यास या आकड्यांचे सोयरसुतक नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असल्यामुळे १२० मध्ये तो बरोबर पाचपटीने बसतो, ६० मध्ये तसा बसत नाही. तीक्ष्ण नजरेला मंद सरकत्या दृश्यात किंचित अडखळ जाणवते. पण खरा फरक पडतो तो गेमिंग कन्सोल जोडून खेळणाऱ्यास. एक चित्र पडद्यावर सुमारे १७ सहस्रांश सेकंद टिकण्याऐवजी ८ सहस्रांश टिकते, हालचाल स्वच्छ दिसते आणि बोटाने दिलेल्या आज्ञेला पडदा लवकर जाब देतो. अर्थात खेळही तितक्या गतीचा हवा, आणि पुष्कळसे खेळ अद्यापि ३० किंवा ६० चित्रांवरच चालतात.

आता हा संच ज्या घरात जावयाचा आहे त्या घराकडे वळू. रायपूर म्हणा, भोपाळ म्हणा, की गुवाहाटी म्हणा. सरकारी निवासस्थानाचा दिवाणखाना सर्वत्र सारखाच. विजेची जोडणी एकाच भिंतीवर, म्हणून संच त्याच भिंतीवर. समोर सोफा, तेथे गृहस्थ आणि महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरचा मुलगा. खिडकीखाली, पडद्याशी बराच कोन करून, आजींची खाट. स्वयंपाकघराच्या दाराशी एक खुर्ची. तेथून एक डोळा कुकरवर ठेवून मुलाची आई जमेल तेवढे पाहते. मुलाला १२० हवेत. गृहस्थांना रात्री दिवे मालवून जुने कृष्णधवल चित्रपट पाहावयाचे असतात, तेव्हा त्यांनाही पहिलाच संच प्रिय. दुसऱ्या संचाची बाजू घेणारे कोणी बोलत नाही. कारण खाटेवर आणि दारातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांना पडद्यांच्या जाती ठाऊक नाहीत, आणि त्यांना कोणी विचारलेलेही नाही.

अशा वेळी अधिकारी मनुष्य काय करतो? तो तुलनात्मक तक्ता तयार करतो. कचेरीत आयुष्य घालविलेल्यास हे स्वाभाविकच आहे. एका स्तंभात गुण, पुढील दोहोंत संच, शेवटी बेरीज. काळेपणास १० पैकी ९, गतीस ९, बाजूच्या दर्शनास ३; आणि बेरीज पहिल्या संचाच्या पदरात पडते. तक्ता निःपक्षपाती दिसतो. पण ज्याने कधी खरेदीची टिप्पणी लिहिली आहे त्याला यातील खोच सांगावयास नको. गुण किती दिले यापेक्षा कोणत्या गुणास किती भार दिला, यावर निकाल ठरतो. आणि तो भार तक्त्याच्या बाहेर, तक्ता आखणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेला असतो. बाजूच्या दर्शनास दहावा हिस्सा द्यावा की निम्मा, हे कोणत्याही मापनयंत्राने सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी बाजूला कोण बसते हे आठवावे लागते. यंत्रशास्त्र येथे संपते आणि नीतिशास्त्र सुरू होते.

कोणी म्हणेल, दोन्ही सारखेच असतील तर नाणे उडवावे. युरोपात चौदाव्या शतकातील बुरिदान या तत्त्वज्ञाच्या नावावर एक गाढव चालत आलेले आहे. त्याच्या ग्रंथांत ते सापडत नाही, तरी कीर्ती मात्र अमर झाली. दोन समान गंज्यांच्या मध्ये उभे राहून, कोणती निवडावी हे न कळल्यामुळे ते उपाशी मरते. परंतु आमच्या घरचा पेच त्या गाढवाचा नव्हे. त्याच्या गंज्या समान होत्या. आमचे संच असमान आहेत, केवळ त्यांच्या किमती समान आहेत. काळोखाची खोली आणि आजीला दिसणारा नीट रंग यांना मोजणारे एकच माप नाही. किंमत हे तसे माप आहे असे भासते खरे. पण ती समान असल्याने तिने आपले अंग केव्हाच काढून घेतले. कठोपनिषदातील श्रेय आणि प्रेय यांचा विवेकही येथे सरळ लागू पडत नाही. कारण दोन्ही संच प्रेयाच्याच गोत्रातले. श्रेय असलेच तर ते संचात नसून निवडण्याच्या रीतीत असेल.

ती रीत कोणती? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या न्यायविषयक ग्रंथात एक युक्ती सुचविली आहे. समाजाचे नियम ठरविणाऱ्यांनी अशी कल्पना करावी की, त्या समाजात आपण कोणत्या जागी जन्मणार हे आपणास ठाऊकच नाही. मग ते जे नियम निवडतील ते न्याय्य. रॉल्सने ही युक्ती दिवाणखान्यासाठी सांगितली नव्हती. तरी ती येथे आणण्याची मुभा आम्ही घेतो. आपल्याला सोफा मिळणार, खाट मिळणार की दारातली खुर्ची, हे ठाऊक नसताना कोणता संच घ्याल? बहुतेकजण क्षणभर थांबतील आणि दुसऱ्याकडे बोट दाखवतील. समोर बसणाऱ्याचा त्यात थोडा तोटा आहे, बाजूला बसणाऱ्याचा पहिल्यात मोठा.

परंतु हा निकाल इतक्या सहजी मान्य करण्यास आम्ही तयार नाही. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पनेने बसविणे ही चांगली गोष्ट आहे. पण तेथे जी व्यक्ती प्रत्यक्ष बसली आहे तिला विचारणे ही त्याहून चांगली गोष्ट होय. कदाचित आजींची दृष्टी मंद झाली असेल आणि त्या कार्यक्रम पाहण्यापेक्षा ऐकतच असतील; मग त्यांच्या नावाने रुंद कोनाचा पडदा आणणे म्हणजे त्यांना न विचारता त्यांच्यावर केलेला उपकार, आणि त्यासाठी मुलाच्या हौसेचा घेतलेला बळी. मुलाची हौस ही पोरकट म्हणून बाजूला सारण्याचीही रीत आहे, ती आम्हास मान्य नाही. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या घरातील मुलाचे जुने सोबती गावोगाव विखुरलेले असतात. रात्री त्या पडद्यावर तो त्यांच्याबरोबरच खेळत असतो. मराठी मुलखापासून दूर राहून एखाद्या मराठी मालिकेची वाट पाहणाऱ्या आजी आणि हा मुलगा, दोघेही त्या एकाच चौकटीतून आपली माणसे शोधत असतात.

आमच्या देशात हे यंत्र आले तेव्हा निवडीचा प्रश्न नव्हता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र निघाले. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला, तेव्हा गावासाठी सामायिक संच असे. संच कोणता, हे तेथे कोणी विचारीत नव्हते. बसावयास जागा कोठे मिळते, एवढाच प्रश्न होता. आता घरोघरी संच झाले, दुकानात त्यांच्या रांगा लागल्या, आणि जुना प्रश्न सुटला असे आपण समजू लागलो. वास्तविक तो सुटलेला नाही. तो गावाच्या चौकातून दिवाणखान्यात आला आहे, इतकेच.

म्हणून आमचे मत असे की, दुकानात जाण्यापूर्वी खोलीत एकदा फिरावे. प्रत्येक जागेवर स्वतः बसून पाहावे. कोण, कोठून, किती वेळ पाहतो हे सर्वांना विचारावे. पुष्कळदा असे आढळेल की खाट दोन हात सरकविली, किंवा भिंतीवर फिरत्या हाताची बैठक बसविली, तर पहिल्या संचाचा दोष बराचसा नाहीसा होतो. मग तो घ्यावा, आणि मुलास आनंद होऊ द्यावा. खाट सरकण्यासारखी नसेल आणि आजी खरोखरच पाहत असतील, तर दुसरा घ्यावा. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवून दिले की, मर्यादित वेळ आणि मर्यादित बुद्धी असलेला प्राणी सर्वोत्तमाच्या मागे न लागता 'पुरेसे' गाठून थांबतो, आणि त्यात शहाणपण असते. ६० ची गती मुलास पुरेशी आहे. धुरकट चित्र मात्र आजींना पुरेसे नाही. जेथे एकाचे 'अधिक' आणि दुसऱ्याचे 'पुरेसे' यांची गाठ पडते, तेथे आधी पुरेशाचा मान राखावा, एवढे सूत्र आम्हास हाती लागते.

एक गोष्ट राहिली. निवड कितीही न्याय्य झाली तरी ज्याचे मागणे मागे पडले त्याचे नुकसान खरेच झालेले असते. ते आपल्याला बोचते, म्हणून आपण त्या मागण्याचीच किंमत कमी करू लागतो. “खेळून कोणाचे भले झाले आहे?” असे मुलास म्हणतो, किंवा “आईला रंगांतले काय कळते?” असे परस्पर ठरवून टाकतो. संच आठदहा वर्षांत निकामी होईल. ही वाक्ये मात्र तितक्या लवकर विसरली जात नाहीत. त्यापेक्षा मुलास सरळ सांगावे की तुझे मागणे रास्त होते, आणि ते या वेळी पुरे करता आले नाही. आपले मागणे रास्त ठरवून नाकारले गेले, हे ज्याला कळते, तो पुढे आपली पाळी आली म्हणजे खोलीत बाजूला कोण बसले आहे, तिकडे एकदा वळून पाहतो.