घरचा हिशेब

एथनिक स्टडीज, म्हणजे वांशिक समूहांच्या इतिहासाचा अभ्यास, हा विषय अमेरिकेत संपातून जन्मला. नोव्हेंबर 1968मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट या सरकारी कॉलेजात कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई विद्यार्थ्यांनी वर्ग बंद पाडले; पुढच्या मार्चमध्ये तडजोड झाली तेव्हा या अभ्यासासाठी स्वतंत्र शाखा पदरात पडली होती. आमचा इतिहास शिकवा आणि आमच्या वस्तीतली पोरं आत घ्या, असं दुहेरी मागणं होतं.

खासगी विद्यापीठात यातलं दुसरं मागणं अलगद गळून पडतं. तिथेही विषय सुखासुखी आला नाही. कोलंबिया विद्यापीठात 1996 साली त्यासाठी विद्यार्थ्यांना उपोषण करावं लागलं. पण एकदा तो वेळापत्रकात बसला की भरमसाट फी भरणाऱ्या मुलाला दुसऱ्यांची दुःखं वाचून चांगले गुण मिळवायची सोय होते. म्हणून मला वाटतं, तिथे त्याची परीक्षा एकच: तो विद्यार्थ्याला आपल्याच संस्थेची खतावणी उघडायला लावतो का?

जॉर्जटाउन या खासगी विद्यापीठाची खतावणी उघडली गेली. 1838मध्ये ते चालवणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनी मेरीलँडमधल्या मळ्यांवरची 272 गुलाम माणसं लुइझियानात विकली आणि त्यातला काही पैसा या कॉलेजचं कर्ज फेडायला वापरला. एप्रिल 2019मध्ये तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी त्या विकलेल्या माणसांच्या वंशजांसाठी दर सत्राला 27 डॉलर 20 सेंट जादा फी स्वतःवर लावून घ्यावी, असा कौल दोन तृतीयांश मतांनी दिला. आकडा अर्थातच मुद्दाम निवडलेला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं पाप आजच्या पोरांनी का फेडायचं, असा आक्षेप आलाच. पण ज्या नावाच्या वजनावर ती नोकऱ्या मिळवणार, ते वजन तरी कुठे आजचं आहे? विद्यापीठाने फी लावली नाही. वर्षाला चार लाख डॉलर देणग्यांतून उभे करू म्हणालं. देणं होतं, त्याची देणगी झाली. ही हातचलाखी ओळखता येणं, हेच या विषयाचं शिक्षण.

आपल्याकडून गेलेल्या मुलांसाठी हा हिशेब आणखी अवघड. वर्गात त्यांना 1923चा भगतसिंग थिंड खटला भेटतो: अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या या शीख माणसाला, तो ‘गोरा’ नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं. अन्याय उघड आहे. पण थिंडच्या बाजूने काय मांडलं गेलं, तेही वाचावं. तो उच्चजातीय आर्य आहे, जातीबाहेर लग्न होत नसल्याने रक्त शुद्ध राहिलं आहे! आणि त्याच्या सात वर्षं आधी, 1916 साली, कोलंबियाच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या आंबेडकरांनी निबंध वाचून सांगितलं होतं की जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचं मूळ. थिंडच्या वकिलांनी ज्याचा पुरावा केला, त्यालाच आंबेडकरांनी आरोपी ठरवलं होतं. हे दोन कागद एकाच आठवड्याच्या वाचनात ठेवणारा प्राध्यापक मिळाला, तर फी वसूल झाली असं मी म्हणेन.