खांबाआडची पिशवी

गेल्या वर्षी मार्गशीर्षात लेकीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला निघाले. सोबत जाऊबाई होत्या. सौंसरहून सावनेरमार्गे नागपूरचं विमानतळ गाठलं. बॅगेत डिंकाचे लाडू, पापड, मुगवड्या, बाळाची दुपटी. आणि वेगळ्या कापडी पिशवीत आंबिया बहाराची चार किलो संत्री. आमच्या तिकिटावर 15 किलोची बॅग आणि हातात 7 किलो एवढीच मुभा होती. ती दोन्हीकडे काठोकाठ भरली होती. संत्री वरची.

मी पिशवी जाऊबाईंकडे दिली आणि म्हटलं, "माझं वजन होईस्तोवर त्या खांबाआड थांबा." त्यांची पाळी आली तेव्हा पिशवी घेऊन खांबाआड मी. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं होतं, "काकू, हातात आणखी काही?" मी म्हटलं, "नाही गं बाई." पैसे वाचले. विमानात बसल्यावर दोघी हसलोसुद्धा.

मग भाद्रपद आला. दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, असे दहा दिवसांत दहा अध्याय होतात. सातव्या दिवशी सातवा, म्हणजे व्रतांचा. प्रत्येक अणुव्रताचे पाच अतिचार त्यात सांगितलेत. अचौर्याच्या पाचांत एक आहे हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटं वजन-माप. दरवर्षी ऐकते. दरवर्षी वाटायचं, हे दुकानदारांसाठी आहे, आपण कुठे तराजू धरतो! यंदा मात्र तो खांब डोळ्यासमोर आला.

आमचं किराण्याचं दुकान. मामंजी होते तोवर तोलण्याआधी रिकामा तराजू उचलून गिऱ्हाइकाला दाखवायचे. गिऱ्हाईक लहान पोर असलं तरी दाखवायचे. त्यांच्या सुनेनं वजनाच्या वेळी पिशवी लपवली. दुकानदार कमी देऊन जास्त सांगतो, मी जास्त नेऊन कमी सांगितलं. फरक काय?

तुम्ही म्हणाल, कंपन्या तर किलोमागे शेकड्यांनी पैसे घेतात, ती लूट नाही का? मलाही तो दर जास्तच वाटतो. पण दर आवडला नाही तर तक्रार करावी, सामान पोस्टानं पाठवावं, नाहीतर रेल्वेनं जावं; स्लीपरच्या डब्यात 40 किलोपर्यंत सामान फुकट नेता येतं. दर जास्त आहे म्हणून गपचूप घ्यायची परवानगी मिळत नाही. न दिलेलं घेणं, यालाच आपल्याकडे अदत्तादान म्हणतात. शिवाय विमान निघण्याआधी वजनाचा हिशोब मांडतात, त्यावर इंधन ठरतं, तोल ठरतो. माझ्या चार किलोंनी काही बिघडलं नाही. पण खांबाआड उभी असलेली प्रत्येक बाई हेच म्हणते.

मग सगळीच युक्ती पाप का? तसंही नाही. थंडीचं जाड स्वेटर बॅगेत न भरता अंगावर घातलं, तर त्यात लबाडी नाही. त्या मुलीसमोर उभं राहून घालता येतं. मी आता एवढंच पाहते, की हे तिच्यादेखत करता येईल का? येत असेल तर ती काटकसर. त्यासाठी खांब शोधावा लागत असेल, तर मग ते दुसरंच काही.

आणि मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? पैसे नाही. ती मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची होती. लेकीच्या मायेपोटी मी दुसरीच्या लेकीशी खोटं बोलले, आणि त्याला माया म्हणत राहिले.

यंदा नातीच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा गेलो. बॅग दुकानातल्या काट्यावर घरीच तोलली. तीन किलो जास्त भरली. दोन किलो संत्री काढून शेजारी दिली, एका किलोचे पैसे काउंटरवर भरले. जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशात तिथे पेटी आली असती." खरंच आली असती. पण पावती घेताना मी त्या मुलीच्या डोळ्यांत बघून बोलू शकले.