लेकरांचे नवल व वडिलांचा शब्द

नाताळचा सण जवळ आला म्हणजे ख्रिस्ती घरांत लेकरे विचारू लागतात, "नाताळबाबा खरोखर आहे काय?" होय म्हणावे, तर मुखातून असत्य निघते, नाही म्हणावे, तर लेकराचा आनंद हिरावतो, असे आईबापांस वाटते. तेव्हा प्रश्न असा की, बालकाचे नवल राखण्यासाठी असत्य बोलणे योग्य आहे काय?

इ. स. १८९७ मध्ये न्यूयॉर्क शहरातील व्हर्जिनिया नामक आठ वर्षांच्या मुलीने 'सन' या वर्तमानपत्रास हेच विचारले. त्या पत्रात छापून येते ते खरेच असते, असे तिच्या बापाने तिला सांगितले होते. संपादकवर्गातील फ्रान्सिस चर्च यांनी उत्तर दिले की, होय, तो आहे. जशी प्रीती व उदारता आहेत, तसाच तोही आहे. हे उत्तर जगभर वाखाणले गेले, आणि त्यात तथ्यही आहे. कारण जे दिसत नाही ते नाहीच, असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे. तथापि मुलीने विचारले एका मनुष्याविषयी, आणि उत्तर मिळाले गुणांविषयी. शिवाय तिने बापाच्या शब्दावर भाव ठेवला होता. तो भाव ही लेकराची मोठी ठेव होय. ज्या मुखाने आपण नाताळबाबाची गोष्ट सांगतो, त्याच मुखाने बेथलेहेमचे वर्तमान सांगतो. पुढे पहिली गोष्ट खोटी ठरली, म्हणजे दुसरीविषयी लेकराने शंका घेतली तर दोष कोणाचा?

मग नवल मारून टाकावे काय? मुळीच नाही. आपल्या मुलुखातील बहुरूपी पाहा. तो शिपायाचे सोंग घेऊन दारात गर्जतो. हे सोंग आहे, हे पोरांस पक्के ठाऊक असते. तरी ती हसत, भीत त्याच्या मागे धावतात. सोंग हे सोंग म्हणून दाखविले असता आनंद उणा होत नाही व कोणी फसतही नाही. मंडळीतील एखादा भाऊ तांबडा झगा घालून खाऊ वाटतो, तेही असेच समजावे. सोबत निकोलासाची हकीकत सांगावी. चौथ्या शतकात तो मुऱ्या नगरीत बिशप होता. पौलाने रोमाच्या वाटेवर जहाज बदलले, तेच हे नगर. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने व्हावी म्हणून त्याने रात्री गुपचूप द्रव्य टाकले, अशी परंपरा आहे.

ख्रिस्तजन्माच्या वृत्तान्तास तर पदरची भर घालण्याची गरजच नाही. महागावाकडील ज्या मुलाने थंडीच्या रात्री बापाबरोबर शेतात जागल केली आहे, त्याला मेंढपाळांचा तो काळोख व तो अकस्मात प्रकाश कोणी समजावून द्यावा लागत नाही. मागी लोक किती होते, असे त्याने विचारल्यास उपदेशकाने सरळ सांगावे की, मत्तयाने तीन भेटी सांगितल्या आहेत, माणसांची संख्या सांगितलेली नाही. एवढ्याने नवल आटत नाही. लूक म्हणतो की, ऐकणाऱ्या सर्वांस आश्चर्य वाटले, आणि मरीयेने त्या गोष्टींचे मनन केले. आश्चर्य व मनन ही तेथे शेजारी बसली आहेत.

प्रभूने आपणांस बालकांसारखे व्हा म्हटले. बालकांस फसवा असे म्हटले नाही. यास्तव आईबापांनो व उपदेशक बंधूंनो, या सणात लेकरांस गोष्टी भरपूर सांगा, सोंगेही आणा; परंतु "हे खरे काय?" असे लेकराने विचारताच खरे तेच सांगा.