सारखे वाटप आणि न्याय

वर्गातल्या एखाद्या मुलाला परीक्षेत वाढीव वेळ मिळाला, की घरी आलेली मुले विचारतात, “त्यालाच का? आम्हांला का नाही?” या प्रश्नामागे मत्सरच असतो असे नाही. नाताळचा फराळ मोजून वाटताना, सर्वांना सारखे तोच न्याय, हे आपणच त्यांना शिकवलेले असते. म्हणून ‘तू आपला अभ्यास कर’ असे सांगून हा प्रश्न झटकून टाकणे आम्हांला उचित वाटत नाही.

उत्तर देण्यापूर्वी डिस्लेक्सिया म्हणजे काय, हे मुलांना सोप्या शब्दांत सांगावे लागेल. बोलणे आपण ऐकून ऐकून शिकतो. वाचन मात्र शिकवावे लागते. कानावर पडणारा ध्वनी आणि कागदावरचे अक्षर यांची सांगड मेंदूला घालावी लागते. बहुतेकांना ती सरावाने सहज जमू लागते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ती शब्दागणिक कष्टाने घालावी लागते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्याची गफलत होते, वेलांटी निसटते, जोडाक्षर आले की वाचन अडते. लहानपणी अशा चुका सगळेच करतात. त्याच्या त्या लवकर सुटत नाहीत. यात डोळ्यांचा दोष नसतो, आळस नसतो आणि बुद्धीशीही याचा संबंध नसतो.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली. मुलगा हुशार, खेळात चपळ. पण स्वतःचे नाव लिहितानाही त्याने अक्षरांची अदलाबदल केली आणि दाखवून देईपर्यंत ती त्याच्या ध्यानी आली नाही. सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर या मतातच दडलेले आहे.

इतिहासाची परीक्षा इतिहासाचे ज्ञान तपासण्यासाठी असते, वाचनाचा वेग मोजण्यासाठी नव्हे. प्रश्न वाचता वाचताच ज्याचा वेळ संपतो, त्याला काय येते हे कोणी तपासलेलेच नसते. माप सर्वांना एकच लावले, तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. वाढीव वेळ कोणाला गुण देत नाही. उत्तर ज्याचे त्यालाच यावे लागते. महाराष्ट्रात १९९० नंतरच्या दशकातच शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या अडचणीचा समावेश झाला. ‘सवलत’ या शब्दाने मात्र घोटाळा होतो. सवलत म्हटली की मेहेरबानी वाटते. हा तर त्या मुलाचा हक्क आहे.

परंतु परीक्षा कधीमधी येते, वर्ग रोज भरतो. कायदा वेळ देईल. वर्गातले हसू थांबवणे सोबत्यांच्याच हाती आहे. मोठ्याने वाचताना मित्र अडखळला, तर थांबावे. त्याने मागितल्यावाचून शब्द त्याच्या तोंडी घालू नये. फळ्यावरचे उतरवून घ्यायचे राहिले, तर आपली वही द्यावी. धडा एकाने वाचावा, दुसऱ्याने ऐकून आपल्या शब्दांत सांगावा. आपली अडचण त्याने विश्वासाने सांगितली असेल, तर ती चारचौघांत बोलू नये.

आणि कीव करू नये. ज्याला आपण सतत देतच राहतो, पण ज्याच्याकडून कधी काही घेत नाही, तो मित्र न राहता आश्रित होतो. त्याला जे येते ते त्याच्याकडून शिकावे. त्याच्यापाशी काही असामान्य गुण असलाच पाहिजे, अशी अटही घालू नये. साध्या सोबतीला गुणवत्तेचा दाखला लागत नाही.

तेव्हा ‘त्यालाच का?’ असे मुलांनी विचारले, तर आपण सांगावे, “त्यालाही तुझ्याइतकाच पेपर सोडवता यावा म्हणून.” आणि मग आपणही त्यांना एक प्रश्न विचारावा : मधल्या सुट्टीत तो डबा कोणाबरोबर खातो?