एकाच्या बदल्यात गाव

व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ ही कादंबरी संपवायला आम्हाला दोन उन्हाळे आणि मधला एक पावसाळा लागला. आम्ही म्हणजे मी आणि मास्तर. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढं तो डी.एड. करून शिक्षक झाला, मी शेतात राहिलो. मराठीत ही गोष्ट साने गुरुजींनी ‘दुःखी’ नावानं आणलेली आहे, पण मास्तरला ती अख्खी वाचायची होती. निवृत्त झाल्यावर त्यानं इंग्रजी पुस्तक आणलं. बाराशेच्या वर पानं, हातात धरलं की मनगट दुखावं असं. तो दोन पानं वाचायचा, थांबायचा आणि मराठीत सांगायचा. मी ऐकायचो, आणि मधेच अडवायचो.

१८६२ सालचं हे पुस्तक. त्या माणसाला कसलीच घाई नाही. सुरुवातीला एका बिशपचीच गोष्ट इतकी चालते, की नायक कधी येणार हे मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मास्तर चिडला. पुढं वॉटर्लूच्या लढाईचं प्रकरण आलं, ते मास्तरलाच गाळायचं होतं. पॅरिसच्या गटारांचं प्रकरण मात्र मी त्याला दोनदा वाचायला लावलं. शहराची घाण नदीत आणि समुद्रात सोडता, तेच सोनखत शेतात गेलं तर केवढं पिकेल, असं ह्यूगो तावातावानं सांगतो. मला तो तिथं आपल्यातला वाटला.

पण आमचं खरं भांडण झालं ते पहिल्या भागातच, आणि ते अजून मिटलेलं नाही.

ज्याँ वालज्याँ हा झाडांची छाटणी करून पोट भरणारा गडी. बहिणीची सात लेकरं उपाशी, म्हणून त्यानं एक पाव चोरला. पाच वर्षांची सजा झाली, पळून जायचे प्रयत्न केले म्हणून ती वाढत वाढत एकोणीस वर्षांची झाली. सुटल्यावर तो नाव बदलून एका गावात येतो. तिथं काळे मणी करायचा धंदा होता. हा त्यात राळेऐवजी लाख वापरायची युक्ती काढतो आणि धंदा भरभराटीला येतो. कारखाना, दवाखाना, शाळा, सगळं उभं राहतं. अंगाला लागली की आग होणारं एक रानझाड शेतकरी उपटून फेकत असतात, तर त्याचाही भाजीला, वैरणीला उपयोग होतो हे तो त्यांना सांगतो. लोकांच्या आग्रहामुळं तो नगराध्यक्ष व्हायला तयार होतो.

आणि एक दिवस कळतं की दुसऱ्या गावात एक म्हातारा पकडलाय. सफरचंदाची मोडलेली फांदी हातात सापडली, एवढाच गुन्हा. पण जुने कैदी सांगतात की हाच तो वालज्याँ. जुना गुन्हेगार ठरला की जन्मठेप. खरा वालज्याँ गप्प बसला तर कायमचा सुटला. बोलला तर स्वतः आत जाणार आणि मागं गाव पोरकं होणार.

तो रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालतो. सकाळी निघतो, वाटेत गाडीचं चाक निकामी होतं, तर आतून त्याला बरंच वाटतं. आपण निघालो होतो, आता देवालाच नको असेल तर आपण काय करणार! हे वाचून मी मास्तरला म्हटलं, हा लेखक माणसाच्या पोटात शिरून आलेला आहे. पण एक पोरगं दुसरी मोडकीतोडकी गाडी मिळवून देतं, आणि हा कोर्टात पोचून खरं सांगून टाकतो.

“चुकला,” मास्तर म्हणाला. “हिशेब कर. एका बाजूला एक म्हातारा, मागंपुढं कुणी नसलेला. दुसऱ्या बाजूला अख्खं गाव.”

मी म्हटलं, “मास्तर, तू आणि मी एका बाकावर कसे आलो?”

तो गप्प झाला. आमचं गाव धरणात गेलं, म्हणून मी त्याच्या शाळेत आलो होतो. कालवा त्याच्या रानातून गेला. त्याच्या गावाला पाणी मिळालं आणि माझं गाव पाण्यात गेलं. तेव्हाही हिशेब असाच मांडलेला होता, थोड्यांचं जाईल, पुष्कळांचं भलं होईल. धरण बांधायला नको होतं असं मी म्हणत नाही. कालव्याखाली किती घरं उभी राहिली ते मी डोळ्यांनी बघितलंय, मास्तरचं शिक्षणही त्याच पाण्यावर झालं. पण हिशेब मांडणारा स्वतः कुठल्या बाजूला उभा आहे, हे मी आधी बघतो. वालज्याँ गप्प बसला असता तर गाव वाचलं असतं, आणि त्याबरोबर त्याची खुर्चीही. ज्याच्या अंगणात काटा, त्यानं केलेलं माप ऊस घालणारा माणूस दोनदा बघतो.

दोन दिवस मास्तर आलाच नाही. आला तो पुढचं वाचूनच आला होता. म्हणाला, “ऐक. तो पकडला गेल्यावर तो धंदा बुडाला. हाताखालचे आपसात भांडले, माल हलका झाला, कारखाना बंद पडला, कामगार देशोधडीला लागले. तुझा ह्यूगोच लिहितोय. त्या मणी करणाऱ्या बायकांना कुणी विचारलं होतं? त्यांचंही गाव बुडालंच की!”

याला माझ्याकडं अजून धड उत्तर नाही. एवढंच म्हणतो, की कारखाना मागच्यांना राखता आला असता; त्यांनी हाव धरली, म्हणून तो गेला. म्हाताऱ्याची जन्मठेप मात्र त्याच्याच पदरात पडली असती, आणि ती खऱ्या माणसाला ठाऊक असून पडली असती. मास्तर म्हणतो, उपाशी बाईला हा फरक सांगून बघ. तेही खरं आहे.

लेखकानं ही किंमत लपवली नाही, हे मला मोठं वाटतं. नायकाला मोठा दाखवायचा तर कारखान्याची ती दोन पानं गाळता आली असती. एरवी जो माणूस काहीच गाळत नाही, तो हे तरी कसं गाळेल म्हणा.

त्या म्हाताऱ्याचं पान मी मास्तरकडून परत वाचून घेतलं. तो चाकं करणारा कारागीर. कोर्टात त्याला बोलायला सांगतात तेव्हा त्याला आपली बाजू मांडता येत नाही. तो आपल्या धंद्याचंच सांगत बसतो, उघड्यावर थंडीत काम करावं लागतं, वय झालं की मजुरी कमी देतात, पोरगी लोकांची धुणी धुवायची. कोर्टातले लोक हसतात. लोक हसले म्हणून तोही हसायला लागतो.

मास्तर तिथं थांबला आणि चष्मा पुसायला लागला. मोजणीवाले आमच्या गावात आले होते तेव्हा माझा आजा त्यांना आपल्या विहिरीचं पाणी किती गोड आहे ते सांगत बसला होता.