नळीखालचं लाकूड

वडिलांची शेतीसंरक्षणाची एकनळी बंदूक माझ्या परवान्यावर आली तेव्हा नळीखालचं लाकूड चिरलेलं होतं. परवानाधारक कारागिराने जुनं, वाळलेलं शिसम घेतलं. नळीला काजळी फासायची, लाकडावर टेकवायची, काळं उमटेल तेवढंच तासायचं. दोन दिवस हेच. लाकूड नळीखालच्या कडीला घट्ट बसलं, नळीला मात्र कुठे दाबत नव्हतं. कणकवलीच्या पावसात ते फुगणार, तेवढी जागा त्याने राखली होती.

बार काढताना डावा हात त्या लाकडावरच असतो. मग बाराने जीव गेला तर पाप कोणाचं? भालचंद्र महाराजांच्या आश्रमात बसून मी यावर पुष्कळ विचार केला. गीतेतला अर्जुन निमित्तमात्र होऊ शकला. मला तो आधार घ्यावासा वाटत नाही. त्याच्यापुढे सैन्य होतं. माझ्यापुढे पिकल्या भातात शिरलेली रानडुकरीण, मागे तिची पिल्लं. भूक तिचीही खरी, माझ्या घरचीही. लाकडाला निवड नाही, मला आहे.

खंडेनवमीला कोयता, नांगर आणि बंदूक मी एकत्रच पुजतो. दोन पावसाळे झाले, बार हवेतच काढतो. बांधाकडचं थोडं भात दरवर्षी जातं.